शिसे तापते तेव्हा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या घरात जुनी मराठी पुस्तके असतील, तर त्यांतले एखादे पान तिरक्या उजेडात धरून पाहा. अक्षरांच्या जागी कागद किंचित दबलेला दिसेल. पानाच्या पाठीमागून बोट फिरवले तर ओळी हाताला लागतील. ही खिळाछपाईची खूण आहे. ऑफसेट छपाई आणि संगणकावरची जुळणी रुळेपर्यंत, म्हणजे साधारण १९८०-९० पर्यंत, सदाशिव, नारायण, शनिवार पेठांतल्या छापखान्यांतून बाहेर पडणारी बहुतेक पुस्तके, मासिके आणि लग्नपत्रिका अशा शिशाच्या खिळ्यांवर छापल्या जात. म्हणजे पानावरचे प्रत्येक अक्षर आधी कुठल्या तरी भांड्यात पातळ रस होऊन उकाड्यात बसलेले होते.

आज मी बोलणार आहे ते त्या भांड्याच्या तापमानाबद्दल. पुण्यातल्या एका छापखान्यात मी बरीच वर्षे विजेच्या कामावर होतो. खिळे ओतणाऱ्या यंत्राचे हीटर, थर्मोस्टॅट आणि वायरिंग सांभाळणे हा त्या कामाचा भाग होता. अक्षर सुबक येणे आणि कामगाराची तब्येत नीट राहणे या दोन्ही गोष्टी तापमानाच्या काट्यावर कशा अवलंबून असतात, हे त्या भांड्यापाशी उभे राहून नीट समजले.

प्रथम धातूची ओळख करून घेऊ. छापखान्यातला खिळा आणि बंदुकीची गोळी ही एकाच घरची भावंडे आहेत. १८६९ साली खडकीला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला, आणि त्याच वर्षी मुंबईत जावजी दादाजी यांनी निर्णयसागर छापखाना काढला. जावजींनी खिळे पाडण्याचा कारखाना त्याआधीच उभारला होता, आणि निर्णयसागरचे देवनागरी खिळे पुढे देशभर नावाजले गेले. त्या काळातली बंदुकीची गोळी उघड्या शिशाची असे. आज लष्करी गोळीत शिशाचा गाभा आणि त्यावर तांबेमिश्रित धातूचे कवच असते. खडकीचा कारखाना आता २०२१ मध्ये स्थापन झालेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे. अमेरिकेत घरच्या घरी गोळ्या ओतण्याचा छंद असलेले पुष्कळ लोक आहेत, आणि तिथले छापखाने बंद पडले तेव्हा लायनोटाइपचा जुना धातू या मंडळींनी आवर्जून विकत घेतला. आपल्याकडे शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा तयार करायला परवाना लागतो, त्यामुळे तो छंद इथे नाही. पण विजेच्या भांड्यात शिसे वितळवून साच्यात ओतण्याचे शास्त्र दोन्हीकडे एकच आहे.

नुसते शिसे मऊ असते. नखाने ओरखडा उठतो. अशा धातूचा खिळा दाबाच्या यंत्राखाली थोड्याच वेळात चपटा होईल. म्हणून शिशात अँटिमनी आणि कथील मिसळतात. अँटिमनीने कठीणपणा येतो आणि धातू थंड होताना आकसतो ते प्रमाण कमी होते. कथलाने रस पातळ होतो आणि साच्याच्या बारीक कोपऱ्यांत शिरतो. देवनागरीला याची फार गरज. रफाराची टोके, ऋकाराचे वळण, अनुस्वाराचा ठिपका हे सगळे भरून यायचे तर रस वाहता हवा.

आता गंमत पाहा. शिसे वितळते ३२७ अंश सेल्सिअसला, कथील २३२ अंशांना आणि अँटिमनी ६३० अंशांना. तिघांचे मिश्रण मात्र शिशापेक्षा कमी तापमानाला पातळ होते. लायनोटाइपच्या धातूत साधारण ८४ भाग शिसे, १२ भाग अँटिमनी आणि ४ भाग कथील असे. हे मिश्रण सुमारे २४० अंशांना वितळते. यंत्राच्या भांड्यात ते २८० ते २९० अंशांच्या आसपास ठेवत. सुटे खिळे ओतणाऱ्या मोनोटाइप यंत्रात अँटिमनी आणि कथील जास्त, आणि साचा पाण्याने थंड ठेवलेला. तिथे भांडे ३५० ते ३७० अंशांपर्यंत न्यावे लागे.

या आकड्यांना इतके महत्त्व का? रस थंड असला तर तो साच्याच्या तोंडाशीच गोठू लागतो. अक्षराच्या कडा गोल येतात, अंगावर सुरकुत्या पडतात, वेलांटीचे टोक अर्धेच राहते. रस फार गरम असला तर उलट खोड्या. खिळा आतून पोकळ निघतो, साचा थंड व्हायला वेळ लागतो, लायनोच्या यंत्रात रस फटीतून उसळून बाहेर येतो आणि चालवणाऱ्याच्या हातावर उडतो. गोळी ओतणारेही हेच सांगतात: गार रसाची गोळी सुरकुतलेली, फार तापलेल्या रसाची गोळी दहिवर पडल्यासारखी पांढुरकी. मधली जागा वीस-पंचवीस अंशांची. ती दिवसभर धरून ठेवायची हेच काम.

हे काम अवघड का, याचे उत्तर शिशाच्या स्वभावात आहे. शिसे वजनाला जड, पण उष्णता साठवण्यात फार हलके. दहा किलो शिसे खोलीच्या तापमानापासून तापवून पूर्ण वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात सुमारे दोन लिटर पाणी उकळीला येते. एकदा सगळे वितळले की मग ते धावत सुटते. एक हजार वॅटचा हीटर चालू राहिला, आणि बाहेर जाणारी उष्णता सोडून दिली, तर दहा किलो रसाचे तापमान मिनिटाला सुमारे चाळीस अंशांनी चढते. म्हणजे चहा प्यायला गेलेला माणूस परत येईपर्यंत रस कुठल्या कुठे पोहोचलेला असेल. पाण्याला उकळबिंदूचा लगाम असतो; शंभर अंशांवर ते स्वतःच थांबते. शिशाला आपल्या उपयोगाच्या टप्प्यात असा लगाम नाही. तो बाहेरून लावावा लागतो.

यंत्रे येण्याआधी हा लगाम माणसाच्या डोळ्यात होता. आमच्याकडच्या जुन्या मिस्त्रींची एक परीक्षा मी पुष्कळदा पाहिली. वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी गुंडाळून ते रसात क्षणभर बुडवत. पट्टी बदामी झाली तर रस ठीक. जशीच्या तशी निघाली तर अजून गार. काळी पडली किंवा पेटली तर फार तापला. ही परीक्षा जगभरच्या छापखान्यांत होती. पुण्याच्या तांबट आळीतला कल्हईवालाही असाच डोळ्याने काम करतो. भांडे तापवून त्यावर कथील टेकवले की ते पाघळले पाहिजे. नवसागराचा धूर उठला की कापसाचा बोळा लगेच फिरला पाहिजे. तिथेही अंश मोजलेले नसतात, पण चुकलेले चालत नाहीत.

हाताने पळीभर रस ओतणारा कारागीर चार सेकंद थांबू शकतो. यंत्र थांबत नाही. यंत्राने खिळे पाडायचे म्हटले की तापमानही यंत्रासारखेच स्थिर हवे. या शोधांच्या इतिहासात एक मराठी नाव आहे, आणि ते विसरले जाऊ नये: डॉ. शंकर आबाजी भिसे. १८६७ साली मुंबईत जन्मलेले भिसे लंडनला गेले आणि तिथे त्यांनी ‘भिसोटाइप’ हे खिळे ओतण्याचे यंत्र तयार केले. दादाभाई नौरोजी आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांच्यासाठी खटपट केली, सर रतन टाटांनी पैसा दिला. पुढे भिसे अमेरिकेत गेले, तिथेही खिळे ओतण्याच्या यंत्रावर काम करत राहिले, आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये वारले. लायनोटाइप आणि मोनोटाइप या बड्या कंपन्यांपुढे त्यांच्या यंत्राला बाजारात जागा मिळाली नाही. पण ओतणीच्या यंत्रावर एका मराठी माणसाने आयुष्य घातले, हे छापील अक्षर वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे.

आता विजेच्या भांड्याकडे वळू. सर्वांत साधे भांडे म्हणजे खाली हीटर आणि बाजूला एक बटण: कमी, मध्यम, जास्त. विजेच्या शेगडीवर ज्याला सिमरस्टॅट म्हणतात तोच हा प्रकार. तो ठराविक वेळ वीज देतो आणि ठराविक वेळ तोडतो. रस किती तापला आहे याचा त्याला पत्ताच नसतो. भांडे भरलेले असताना ‘मध्यम’वर बरोबर चाललेले काम, भांडे अर्धे रिकामे झाले की त्याच ‘मध्यम’वर फार गरम होते. खिडकीतून वारा आला तरी फरक पडतो.

दुसरा प्रकार थर्मोस्टॅटचा. त्याला रसाचा हालहवाल कळतो. तापमान ठरलेल्या आकड्याला पोहोचले की तो वीज तोडतो, थोडे उतरले की जोडतो. पण त्यातही एक मेख आहे. हीटर बाहेरून लागलेला असतो, मध्ये बिडाचे जाड भांडे. रस हव्या त्या आकड्याला येतो तेव्हा बीड त्याहून जास्त तापलेले असते. वीज तोडल्यावरही ते उष्णता देतच राहते आणि काटा पुढे सरकतो. गॅस बंद केल्यावरही तव्यावरची शेवटची पोळी करपते, त्यातलाच हा प्रकार. मग रस खाली येतो, वीज जोडली जाते, बीड तापायला वेळ घेते, तोवर रस आणखी खाली. असा झोका सतत चालू राहतो. झोका वीस अंशांचा झाला की आपली मधली जागा संपली.

यावर उपाय म्हणून आज जे नियंत्रक मिळतात त्यांना पीआयडी म्हणतात. नाव अवघड आहे, पण कल्पना आपल्या स्वयंपाकघरातली आहे. दूध तापवणारी अनुभवी बाई तीन गोष्टी एकदम पाहते. दूध वर यायला अजून किती अवकाश आहे? ते किती वेगाने वर येत आहे? आणि मघापासून आच पुरत नाही असे तर होत नाही? पहिल्यावरून ती आच ठरवते, दुसऱ्यावरून दूध वर येण्याआधीच गॅस बारीक करते, तिसऱ्यावरून थोडी आच कायमची वाढवते. नियंत्रक हेच गणिताने करतो. निकोलस मिनोर्स्की या अभियंत्याने १९२२ साली जहाजाच्या सुकाणूवरचा माणूस कसा वागतो हे पाहून ते गणित मांडले. अशा नियंत्रकाने रस दोन-तीन अंशांच्या आत धरता येतो.

पण नियंत्रक कितीही हुशार असला तरी तो ऐकतो थर्मोकपलचे. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचे जोडलेले टोक. ते तापले की किंचितसा विद्युतदाब निर्माण होतो. हे टोक भांड्याच्या बाहेरच्या अंगाला चिकटवले तर ते बिडाचे तापमान सांगेल, रसाचे नाही. ते संरक्षक नळीत घालून रसातच बुडवलेले हवे, तळाशी टेकलेले नको आणि पृष्ठभागावरही नको. आणखी एक गोष्ट. थंडगार धातूची कांडी एकदम भांड्यात टाकली की रस तीस-चाळीस अंशांनी सहज बसतो. म्हणून कांडी आधी भांड्याच्या कडेवर ठेवून गरम करायची. याचा दुसरा फायदा पहिल्याहून मोठा आहे: कांडीवरचा ओलावा उडून जातो. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जागा घेते. रसाखाली सापडलेला पाण्याचा एक थेंब सगळा रस छतापर्यंत उडवू शकतो. पुण्याच्या पावसाळ्यात गोदामातली कांडी कोरडी दिसली तरी कोरडी नसते.

एका रात्रपाळीचा प्रसंग सांगतो. आमच्या एका यंत्राच्या वीज तोडणाऱ्या कॉन्टॅक्टरचे पॉइंट ठिणग्यांनी एकमेकांना चिकटून बसले. थर्मोस्टॅट आपले काम चोख करत होता. ‘तोड’ असा हुकूम देत होता. पण तोडणार कोण? वीज चालूच राहिली. यंत्र तेव्हा थांबलेले होते, त्यामुळे रस वापरला जात नव्हता. मिस्त्रींना आधी वास आला, मग दिसले की भांड्यावरची मळी पिवळी होऊन धुरकटते आहे. त्यांनी मेन स्विच ओढला. काटा पाचशेच्या पुढे गेला होता. त्यानंतर आम्ही प्रत्येक भांड्याला दुसरा, स्वतंत्र कटआउट बसवला. त्याचा थर्मोकपल वेगळा, कॉन्टॅक्टर वेगळा, आणि एकदा तुटला की हाताने परत लावल्याशिवाय जोडला न जाणारा. चांगल्या नियंत्रकात आणखी एक सोय असते. थर्मोकपलची तार तुटली तर तो ‘भांडे गार आहे’ असे समजून तापवत सुटत नाही. भांडे अतिगरम आहे असे धरून वीज तोडतो. घेताना ही सोय आहे का, एवढे विचारावे.

त्या रात्री काळजी यंत्राची नव्हती, धुराची होती. शिसे हे विष आहे. साधारण ३५० अंशांपर्यंत शिशाची वाफ नगण्य असते. पाचशेच्या पुढे ती धुराच्या रूपाने हवेत येऊ लागते. पण कमी तापमानालाही धोका असतो, तो मळीचा. रस हवेशी भेटला की वर राखेसारखा थर जमतो. ते शिशाचे ऑक्साइड. रस जितका जास्त तापवाल तितकी मळी जास्त, आणि त्या मळीबरोबर महागडे कथीलही जाते. झाऱ्याने ती काढताना बारीक धूळ उडते. ती श्वासातून, आणि त्याहूनही सहज हातावरून तोंडात जाते. मळीचा हात न धुता भाकरी खाल्ली, तंबाखू मळली, की शिसे पोटात गेले. पोटात कळा येणे, बद्धकोष्ठ, रक्त कमी होणे, हिरड्यांवर निळसर रेघ, मनगट लुळे पडणे ही जुन्या छापखान्यांतली आणि ओतशाळांतली ओळखीची लक्षणे होती. आमच्याकडे कामगारांना रोज गूळ वाटला जाई. शरीरात लोह आणि कॅल्शियम पुरेसे असले तर शिसे कमी शोषले जाते हे खरे आहे, पण गुळाच्या खड्याने धूळ थांबत नाही. धूळ थांबते ती तापमान आटोक्यात ठेवल्याने, भांड्यावर धूर ओढणारा पंखा लावल्याने, मळी झाकणाच्या डब्यात टाकल्याने आणि जेवणाआधी साबणाने हात धुतल्याने. कामाचे कपडे घरी न नेणे हेही तितकेच महत्त्वाचे, कारण घरात मुले असतात.

मुलांचा उल्लेख मुद्दाम केला. शिशाचे रक्तातले कुठलेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्याचा सर्वांत मोठा घाव वाढत्या मेंदूवर बसतो. २०२० साली युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी काढलेल्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आहे. आपल्या देशात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. खिळे ओतणारे छापखानेही गेले. मग हे शिसे येते कुठून? त्या अहवालात एक मोठे कारण दिले आहे: जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून, वितळवून शिसे काढण्याचे धंदे.

इथे आपण पुन्हा तापमानाशीच येतो. बॅटरीतल्या जाळीचे शिसे सव्वातीनशे-साडेतीनशे अंशांवर वितळते. पण बॅटरीतले बरेचसे शिसे पांढरट-तपकिरी लगद्याच्या रूपात असते. त्यातून धातू काढायला कोळशाबरोबर त्याहून कितीतरी जास्त तापवावे लागते. बंद भट्टी, धूर गाळणारी यंत्रणा आणि तापमानावर सतत नजर असलेल्या कारखान्यात हे नीट होते. वस्तीच्या कडेला खड्डा खणून, कढईखाली कोळसा पेटवून, भाता मारून केले की ना काटा, ना कटआउट. धूर आसपासच्या अंगणांत, विहिरींत आणि भाजीवर बसतो. आमच्या छापखान्यात एका रात्री काही मिनिटे जे घडले, ते तिथे रोज दिवसभर घडते.

यात आपला हात कुठे लागतो, तेही सांगतो. पुण्यात वीज गेली की अनेक घरांत इन्व्हर्टर चालतो. त्याची बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. त्या वेळी दारावर येणारा भंगारवाला शे-दोनशे रुपये जास्त देतो म्हणून ती त्याला देऊ नका. २०२२ च्या नियमांप्रमाणे वापरलेली बॅटरी परत घेऊन तिची नीट वाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी घेताना जुनी अधिकृत विक्रेत्याकडेच जमा करा आणि पावती मागा. घरी मासेमारीची वजने किंवा आणखी काही ओतण्यासाठी स्वयंपाकाच्या गॅसवर, स्वयंपाकाच्या भांड्यात शिसे वितळवू नका. भांड्यांना कल्हई करून घेताना कथील शुद्ध आहे ना, हे विचारा. कथलात शिसे मिसळले की ते स्वस्तही पडते आणि कमी आचेवर पाघळते, म्हणून भेसळीचा मोह होतो. ते शिसे मग आंबट वरणातून आपल्या ताटात येते.

आणि ज्यांच्या वर्कशॉपमध्ये आजही शिशाचे भांडे चालते, मग ते कशासाठीही असो, त्यांना एका जुन्या विजेच्या माणसाचे एवढेच सांगणे आहे. नियंत्रकाबरोबर दुसरा कटआउट बसवा, आणि तो खरोखर तुटतो का हे महिन्यातून एकदा तपासून पाहा.